आपलं झगडणं नेमकं कुणाशी? घरातल्या उपवास-प्रार्थनेनंतर पडलेला प्रश्न

ऐरोलीची लेक:

गेल्या शुक्रवारी रात्री आमच्या घरी उपवास-प्रार्थना झाली. माझा धाकटा भाऊ दोन महिने नीट झोपलेला नाही. दारावरची बेल वाजली तरी दचकतो, कामावर जाणं सुटलंय. डॉक्टरांनी गोळ्या सुरू करून जेमतेम तीन आठवडे झालेत. आईने प्रार्थनागटाला बोलावलं, माझीही हरकत नव्हती. प्रार्थनेवर माझा विश्वास आहे हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचताना गैरसमज होईल.

गाणी झाली, वचन झालं. मग गटप्रमुखांनी भावाच्या डोक्यावर हात दाबून धरला आणि "नीघ, येशूच्या नावाने नीघ" असं मोठमोठ्याने सुरू केलं. बाकीचे आठ-दहा जण हात वर करून अन्य भाषांत, म्हणजे पवित्र आत्मा सुचवतो असं मानल्या जाणाऱ्या अगम्य बोलीत, बोलत होते. पाऊण तास हे चाललं. भाऊ थरथरत होता, त्यांना वाटलं आत्मा हलतोय. मी त्याचा हात धरून बसले होते, तळवा गार पडला होता. शेवटी ते म्हणाले, घरात अशी काहीतरी वस्तू आहे जिच्यातून शत्रूला वाट मिळालीय. घरभर नजर फिरवत ते शोकेसवरच्या समईपाशी थांबले.

ती समई माझ्या पणजीची. आमचं घराणं नगरचं. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरात काम सुरू केलं, त्याच मिशनच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, आम्ही. पणजी नाताळच्या रात्री ही समई लावून भजनं म्हणायची. पाच वातींची आहे, एका बाजूची कड चेपलेली. आईने त्या रात्री ती वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकली.

दोन वाजता भावाने मला हलवून विचारलं, "ताई, माझ्यात खरंच काही आहे का गं?"

तेव्हापासून मी बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय रोज वाचतेय. सगळं आध्यात्मिक युद्ध, म्हणजे सैतानाशी लढायची भाषा, आपण तिथूनच घेतो. "आपले झगडणे रक्तमांसाबरोबर नव्हे." ज्याला मूळ ग्रीकमध्ये 'पाले' म्हणतात ती कुस्ती. पण ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे सांगतो काय, तर उभे राहा, टिकाव धरा, पुन्हा उभे राहा. कंबरपट्टा सत्याचा, उरस्त्राण नीतिमत्त्वाचं, ढाल विश्वासाची. कुणाच्या अंगातला दुष्टात्मा हुडकून काढा असं त्या अध्यायात एकदाही येत नाही. शस्त्रसामग्री सांगून झाल्यावर तो प्रार्थनेकडे वळतो आणि स्वतःसाठी एकच मागणं मागतो. लिहिताना तो बेड्यांत आहे. बेड्या तुटाव्यात असं मागत नाही, पहारेकऱ्याचा नाश मागत नाही. तोंड उघडलं की धैर्याने बोलता यावं, एवढंच.

माझं म्हणणं असं की आजारी माणसाच्या अंगावर ओरडणं हे त्या अध्यायातलं युद्ध नव्हे. त्या रात्री आमच्या घरात झगडणं रक्तमांसाशीच झालं, आणि ते रक्तमांस माझ्या भावाचं होतं. तुम्हाला काय वाटतं?

घणसोलीचा साक्षीदार:

ताई, जय ख्रिस्त. तुमच्या भावासाठी आज सकाळी प्रार्थना केली. पण तुमचं म्हणणं मला मान्य नाही, आणि का ते सरळ सांगतो.

मी चौदा वर्षं प्यायलो. तुर्भ्याला कंपनीत होतो, तिथून काढलं. बायको मुलीला घेऊन माहेरी निघून गेली. व्यसनमुक्ती केंद्रात दोनदा जाऊन आलो, दोन्ही वेळा महिन्याच्या आत पुन्हा बाटली. मग मंडळीतल्या तीन भावांनी माझ्या खोलीवर तीन रात्री काढल्या. त्यांनी माझ्यावर हात ठेवले, मोठ्याने धमकावलं, मी शिव्या दिल्या, त्यांच्यातल्या एकाच्या अंगावर ओकलो. तिसऱ्या पहाटे माझ्या छातीवरून काहीतरी उठून गेल्यासारखं वाटलं. आज नऊ वर्षं झाली. त्याला तुम्ही काय नाव द्याल?

येशूने दुष्टात्मे काढले. मार्काच्या शुभवर्तमानात, पहिल्याच अध्यायात, सभास्थानात, सगळ्यांसमोर काढले. शिष्यांना तोच अधिकार दिला. आता शिकलेली मंडळी म्हणतात तो सगळा आजारच होता. मग शुभवर्तमानातली निम्मी पानं फाडायची का? आणि दानीएल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा दहावा अध्याय काढा. त्याच्या प्रार्थनेचं उत्तर एकवीस दिवस अडलं, कारण उत्तर आणणाऱ्या दूताला पारसाच्या (इराणच्या) राज्याचा अधिपती, म्हणजे त्या राज्यामागची दुष्ट शक्ती, आडवा आला आणि मीखाएल या देवदूताला मदतीला यावं लागलं. वर युद्ध चालू आहे. आपण घरात शांतपणे गुडघे टेकून बसलो म्हणून ते थांबत नाही.

तलावपाळी:

मी ठाण्याचा, कॅथलिक. आमच्याकडे यावर नियम आहे, तो सांगतो, कारण तो बऱ्याच ठेचा खाऊन केलेला आहे. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतलं कलम ११७२ म्हणतं की भूतबाधा झालेल्यावर अपसारणाचा, म्हणजे भूत काढण्याचा, विधी फक्त धर्मगुरूच करू शकतो, तोही बिशपांनी खास परवानगी दिली तरच. आणि त्याआधी हा मनाचा आजार तर नाही ना, याची खात्री करून घ्यायला आमची शिकवण बजावते. सैतान नाही असं कुणी म्हणत नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी आम्ही सैतानाचा त्याग करतो म्हणून मोठ्याने उत्तर देतो. 'आम्हांला वाइटापासून सोडव' हे तर रोज म्हणतो. फक्त हात कुणी कुणाच्या डोक्यावर ठेवायचा, हे ज्याच्या मनात आलं त्याने ठरवायचं नाही.

घणसोलीचे भाऊ, तुमची साक्ष मी खोटी मानत नाही. पण जे तुमच्या दारूला लागू पडलं ते त्या पोराच्या निद्रानाशाला लागू पडेलच, हे कुणी ठरवलं?

नेरुळची नर्स:

पहिली गोष्ट. ताई, गोळ्या चालू आहेत ना? कुणाच्याही सांगण्यावरून एकदम बंद करू नका, मंडळीत बरं झाल्याची साक्ष द्यायची म्हणूनही नाही. तीन आठवडे म्हणजे फार नाही, काही औषधांचा गुण यायला चार-सहा आठवडे लागतात. रात्री-अपरात्री तो घाबरला तर १४४१६ ला फोन लावा, सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

दुसरी गोष्ट तुम्हाला कदाचित आवडणार नाही. मी वॉर्डात बारा वर्षं काम करते. पेशंट मला विचारतात, "सिस्टर, प्रार्थना कराल का?" आणि अशाही मंडळ्या मी पाहिल्यात ज्या 'डॉक्टरला दाखव' एवढं म्हणून मोकळ्या होतात, नंतर कुणी फिरकत नाही. घणसोलीच्या भावाच्या खोलीवर तिघं तीन रात्री जागले. किती मंडळ्या जागतात? याकोबाच्या पाचव्या अध्यायात आजाऱ्याने मंडळीच्या वडीलजनांना बोलवावं आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असं आहे. बोलवायचं आजाऱ्याने. आणि तेल तेव्हा औषधही होतं. येशूच्या दृष्टांतातल्या चांगल्या शोमरोन्याने वाटेत पडलेल्या माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला तो काय विधी म्हणून नव्हे. मला त्या वचनात औषध आणि प्रार्थना एकाच हातात दिसतात.

ऐरोलीची लेक:

गोळ्या चालू आहेत. नंबर फ्रिजवर लावला.

घणसोलीचे दादा, तुमची साक्ष मी दोनदा वाचली. त्याला नाव मी का द्यावं? देवाने सोडवलं, हेच नाव. पण दानीएलाबद्दल मला बोलायचंय, कारण तो अध्याय आमच्याकडे त्या रात्रीही वाचला गेला. दानीएल तीन आठवडे काय करत होता? शोक. चांगलंचुंगलं खाल्लं नाही, अंगाला तेल लावलं नाही. वर काय चाललंय याचा त्याला पत्ताच नव्हता! पारसाच्या अधिपतीचं नावही त्याने घेतलं नाही, त्याला बांधलं नाही, धमकावलं नाही. दूत येऊन सांगेपर्यंत त्याला युद्ध ठाऊक नव्हतं. लढाई मीखाएलाची, आणि माणसाचं काम गुडघ्यांवर राहणं. तुम्ही म्हणता शांत गुडघे टेकून काय होणार. दानीएलाने दुसरं काय केलं?

केडगावची नात:

माझी आजी मुक्ती मिशनमध्ये वाढली, म्हणून थोडं लिहिते. मोठ्याने रडून-ओरडून प्रार्थना करणं हे कुणीतरी परवा अमेरिकेहून आणलंय असं मानणाऱ्यांनी १९०५ साल आठवावं. पंडिता रमाबाईंच्या मुक्तीत त्या वर्षी आत्मिक जागृती झाली तेव्हा मुली तासन्‌तास रडत, पापं कबूल करत, कित्येकींना अंगात आग भरल्यासारखं वाटे. रमाबाईंनी त्यांना गप्प केलं नाही. एवढी विदुषी बाई, संस्कृत तोंडपाठ, तिने त्या आरडाओरड्यात देवाचं काम पाहिलं. त्यामुळे आवाज मोठा म्हणून प्रार्थना खोटी, हे मला पटत नाही.

पण त्याच रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन मुली गोळा करून आणल्या होत्या, त्यांना आधी खाऊ घातलं, न्हाऊमाखू घातलं, शिकवलं, छापखान्याचं काम दिलं. जागृती त्यानंतर आली. आजी सांगायची, मुक्तीत प्रार्थनेचा आवाज आणि जात्याचा आवाज एकदमच यायचा. ऐरोलीच्या घरी त्या रात्री आवाज होता, पण दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन कोण आलं? हे मला खरंच विचारायचंय.

कळव्याचा वाचक:

कायद्याचं एक सांगून ठेवतो. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा प्रार्थनेला हात लावत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारहाण करणं, चटके देणं हा मात्र त्यात गुन्हा आहे. डोकं दाबणं आणि मारणं यातलं अंतर गर्दीच्या भरात फार पटकन संपतं. घरच्यांनी हे लक्षात ठेवावं.

घणसोलीचा साक्षीदार:

दानीएलाचं तुमचं वाचन रात्री पुन्हा पडताळून पाहिलं. बरोबर आहे, त्याने अधिपतीला धमकावल्याचं नाही तिथे. हे मी आजवर लक्षात घेतलं नव्हतं. पण येशूने धमकावलं, त्याच्या नावाने पौलाने फिलिप्पै शहरात भविष्य सांगणाऱ्या त्या दासी मुलीतून आत्मा काढला. ते काम संपलंय असं कुठेही लिहिलेलं नाही. माझा मुद्दा तिथेच उभा आहे.

दुसरं तुम्ही लिहिलं नाहीत पण मला ठाऊक आहे. आमच्यातले काही जण सेक्टरभोवती सात फेऱ्या मारतात, बायबलमध्ये यरीहो शहराभोवती मारल्या तशा, आणि कोपऱ्यावरच्या मंदिरासमोर थांबून त्या जागेवरचा आत्मा बांधतात. मीही गेलोय. 'प्रदेशावर राज्य करणारे आत्मे' ही शिकवण आमच्याकडे फार चालते.

ऐरोलीची लेक:

लिहिलं नाही कारण ते लिहायला जड जातं. त्याच मंदिरात रोज जाणाऱ्या शेजारच्या काकूंनी कोविडमध्ये आम्ही चौघं घरात बंद होतो तेव्हा सोळा दिवस दाराबाहेर डबा ठेवला. आईला पथ्याचं म्हणून वेगळं, बिनतिखटाचं. केडगावच्या ताईंनी विचारलं ना सकाळी कोण आलं, तर शनिवारी सकाळीही त्याच आल्या. "रात्री फार आवाज येत होता, पोराला बरं नाही का?" म्हणाल्या, आणि मऊ भात ठेवून गेल्या. गटातून कुणाचा फोनही नव्हता.

प्रदेशावरच्या आत्म्यांची ती शिकवण १९९० च्या दशकात अमेरिकेचे धर्मशिक्षक पीटर वॅग्नर यांनी पुस्तकांतून आणि परिषदांतून जगभर नेली. तिच्या मागे दानीएलाचंच वचन आहे हे मान्य. पण रस्त्यावर उभं राहून ती प्रार्थना करताना आपण कुणाकडे बघून करतो? डोळ्यांसमोर काकू असतात. रक्तमांस नव्हे म्हणत म्हणत आपण रक्तमांसावरच नेम धरतो.

आणि पौल फिलिप्पैतल्या मुलीबद्दल. ती किती दिवस त्याच्या मागे ओरडत होती, "पुष्कळ दिवस" असं आहे. पौलाने तिला आजारी भावासारखं खुर्चीत बसवून पाऊण तास धरलं नाही. एक वाक्य बोलला. येशूही तसाच, एक वाक्य. माझ्या भावाला पाऊण तास लागला आणि शेवटी दोष गेला पणजीच्या समईवर.

तलावपाळी:

समईबद्दल. आमच्या घरीही आहे, नाताळला आणि लग्नात लावतो, आणि आमचे फादर येऊन आशीर्वाद देऊन गेलेत. धातूतून वाट मिळत असती तर घंटा कशाच्या ओततात?

घणसोलीचा साक्षीदार:

समईवर मी बोलणार नाही. मी ती पाहिलेली नाही आणि ज्यांनी सांगितलं त्यांना काय दिसलं ते मला माहीत नाही.

पण शनिवारी कुणी आलं नाही, हे वाचून मला लाज वाटली. माझ्या वेळी ते तिघं गेले नव्हते. चौथ्या दिवशी त्यांच्यातल्या एकाने माझी खोली पुसून काढली, पेज केली. माझी मुलगी परत आली तेव्हा तिच्या शाळेची फी त्यांनीच भरली. युद्ध म्हणजे फक्त पहाटेची ती वेळ असं मी साक्ष देताना सांगत आलो, फीचं सांगितलंच नाही कधी.

ताई, मी येऊ का? तुमच्या भावाला भेटायला. मी माझी शिकवण बदललेली नाही, हे कळवून येतो.

ऐरोलीची लेक:

भावाला विचारलं. तो म्हणाला, येऊ देत. तीन गोष्टी सांगते. आधी त्याला विचारल्याशिवाय डोक्यावर हात ठेवायचा नाही. आवाज चढवायचा नाही, त्याला मोठ्या आवाजाची भीती बसलीय. आणि त्याच्यात काही आहे असं त्याच्यासमोर म्हणायचं नाही.

घणसोलीचा साक्षीदार:

तिन्ही कबूल. मी मात्र त्या दिवशी उपवास धरूनच येणार, त्याला नाही म्हणू नका.

ऐरोलीची लेक:

नाही म्हणत. शनिवारी सहानंतर या, शुक्रवारी त्याची डॉक्टरांची वेळ असते आणि तो दमतो. उपवास आमच्याकडेच सोडा, आई भाकरी टाकेल. समई मी आज माळ्यावरून खाली काढलीय, चिंचेने घासायची राहिलीय.