'85 टक्के पैसा पगारावर' असा फॉरवर्ड आलाय, खरं-खोटं कसं तपासायचं?

सोसायटी_सचिव: आम्ही दरवर्षी एका रुग्णसेवा न्यासाला वर्गणी देतो. यंदा ग्रुपवर वरचा मेसेज फिरला आणि निम्म्या घरांनी हात आखडता घेतला. हा आकडा कुठे पडताळायचा?

जमाखर्च: संस्थेकडे अनुसूची नऊ मागा. महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत न्यासाचं उत्पन्न-खर्चाचं पत्रक याच नमुन्यात असतं. खर्चाच्या बाजूला 'आस्थापना खर्च' (म्हणजे कार्यालय चालवण्याचा खर्च), 'विश्वस्तांचे मानधन' आणि खाली 'न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च' दिसेल. गफलत इथेच होते. परिचारिका, रुग्णवाहिकेचा चालक यांचे पगार काही संस्था आस्थापनेत टाकतात, काही उद्दिष्टांवरील खर्चातल्या वैद्यकीय मदतीत. कुणी आस्थापनेचा आकडा तेवढा उचलला, की झाला मेसेज तयार. अहो, रुग्णसेवेत माणसांचा पगार हाच सेवेचा खर्च! म्हणून पगाराची फोड मागा: सेवेतले किती, कार्यालयातले किती. तीन वर्षांची पत्रकं शेजारी ठेवून बघा. विश्वस्तांचं मानधन फुगत असेल तर मात्र जरूर जाब विचारा.

खातरजमा: मेसेजमध्ये आर्थिक वर्ष आणि नोंदणी क्रमांक नसेल तर त्या टक्केवारीला काडीचा आधार नाही. युनिसेफच्या अमेरिकेतल्या प्रमुखांना रोल्स रॉइस मिळते, हा खोटा मेसेज संस्थेने खुलासा करूनही वर्षानुवर्षं फिरत राहिला. ग्रुपवर उत्तर देताना मूळ मेसेज पुन्हा चिकटवू नका, लोकांच्या लक्षात तोच राहतो. पत्रकाच्या पानाचा फोटो टाका, लेखापरीक्षकाची सही-शिक्का दिसेल असा.

पावती_पुस्तक: खोट्या माहितीने पैसे भलतीकडेही जातात. मार्च 2020 मध्ये पीएम केअर्सच्या यूपीआय आयडीतला 'केअर्स'चा शेवटचा एस गाळून बनावट आयडी फिरवला होता. क्यूआर कोड फॉरवर्डमधला नको, संस्थेच्या कार्यालयातून घ्या. पिन टाकण्याआधी खातेदाराचं नाव वाचा. न्यासाऐवजी व्यक्तीचं नाव आलं तर तिथेच थांबा. आणि 2000 रुपयांवर रोख देणगीला प्राप्तिकरातली देणगीची सवलत (80जी) मिळत नाही, तेव्हा चेक किंवा ऑनलाइन.

सोसायटी_सचिव: संस्थेने पत्रक द्यायला टाळाटाळ केली तर?

जमाखर्च: लेखापरीक्षण अहवाल धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात सादर करावाच लागतो. पावतीवरचा नोंदणी क्रमांक घालून तिथे नकलेसाठी अर्ज करा. पावतीवर क्रमांकच नसेल, तर तो मिळेपर्यंत वर्गणी रोखून ठेवा.