ट्रम्पेटचा वरचा सी: ओठ दाबून की फुंक बदलून?

पिस्टन_तिसरा (मालवण)

अकरा दिवसांच्या विसर्जनाला बंदर दोनशे पावलांवर राहिलं होतं आणि माझा वरचा सी फाटला. फाटला म्हणजे, कोंबड्याची मान धरल्यावर निघेल तसा आवाज. पुढच्या पोरांनी वळून बघितलं, एकाने मोबाईलवर घेतलंच. घरी येऊन आरशात पाहिलं तर वरच्या ओठावर माउथपीसचा गोल शिक्का, आतून दातांची खूण. दुसऱ्या दिवशी चहा लागला तरी झोंबत होतं.

सहा वर्षं ब्रास बँडमध्ये आहे. स्टाफवरचा (नोटेशनच्या पाच रेघांवरचा) जी कधीही मागा, ए बहुतेक वेळा, त्यापुढे नशीब. आमचे मास्तर म्हणतात, "दाबून धर आणि उथळ माउथपीस घे." माझं मत असं की हा सल्लाच चुकीचा आहे. ट्रम्पेटच्या कागदावर लिहिलेला वरचा सी म्हणजे कानाला येणारा बी फ्लॅट (हे वाद्य लिहिल्यापेक्षा एक सूर खाली वाजतं), सेकंदाला साधारण ९३२ कंपनं. ओठांना तेवढ्या वेळा उघडमीट करायची असते. दाबलं की ओठ ताणला जातो, सूर चढल्यासारखा वाटतो, पण रक्त अडतं आणि ओठ बधिर होतो. पहिल्या गाण्याला खपतं, दहाव्याला नाही. उंच सूर हवेच्या वेगाने निघतो. पटत नसेल त्यांनी सांगावं.

शिमगा_मास्तर (कुडाळ)

झिला, पुस्तकात सगळा बरोबर असता. मी चाळीस वर्षा वाजवतंय. बाजूक ढोल, मागे ताशे, वर पाऊस. माजो सूर माकाच ऐकाक येत नाय, थय जीभ खय ठेवलंय ता कोण बघतलो?

शुद्ध लिहितो आता, नाहीतर पुण्या-मुंबईची मंडळी कुरकुरतील. दाबल्याशिवाय कडेने हवा सुटते. हवा सुटली की सूर गेला. आणि चालताना, उतारावर, खड्ड्यात पाय गेला की ट्रम्पेट हलणारच. घट्ट धरलं नाही तर ओठावरची जागा सुटते. खुर्चीत बसून वाजवणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये. उथळ माउथपीसचं म्हणाल तर माझ्या हाताखालची सगळी पोरं तेच वापरतात आणि वरात रात्री एकपर्यंत ओढतात.

सोल्फेज (वेंगुर्ला)

काका, हवा सुटू नये एवढा दाब लागतोच, तो कोणी नाकारत नाही. वाद आहे तो सूर चढवण्यासाठी वाढवलेल्या दाबाचा.

मी चर्चच्या बँडमध्ये शिकले. माझे मामा गोव्याचे, तिथल्या चर्चच्या शाळांत पोरांना आधी सोल्फेज म्हणजे सूर वाचून गायला शिकवत, मग हातात वाद्य देत. हळदोण्याचे चिक चॉकलेट अशाच गोव्यातून मुंबईत गेले आणि तिथे ट्रम्पेटवर नाव काढलं. मामा पहिल्या दिवशी म्हणाले, "करंगळी आकडीतून काढ." उजव्या हाताच्या करंगळीसाठी ट्रम्पेटवर जी आकडी असते ना, आपण तिला धरून वाद्य तोंडाकडे खेचतो. आपल्यालाच कळत नाही. करंगळी बाहेर काढा, डाव्या हाताची पकड सैल करा आणि जी वाजवा. मग ए. ज्या सुराला आवाज बंद होईल तिथपासून तुम्ही ओठांनी नाही, हातांनी वाजवत होता.

दुसरं, पिस्टन, तुमच्याशीही भांडण आहे. 'हवेचा वेग' म्हटलं की पोरं गाल फुगवून फुंकतात. उंच सुराला हवा कमी लागते. शीळ घाला आणि सूर वर न्या. जीभ काय करते बघा: खाली 'आ'ला सपाट, वर 'ई'ला टाळूकडे. ट्रम्पेटमध्येही तेच. ओठांचे कोपरे घट्ट, मधला भाग मोकळा.

रियाज: बटणं न दाबता खालच्या सीवरून जी, मधला सी, ई, जी, आणि परत खाली. अगदी हळू आवाजात, शेजारच्या खोलीत मूल झोपलंय असं समजून. जितका वेळ वाजवलं तितकाच वेळ विश्रांती. मोठ्याने वाजवून कुणाचाही सी आलेला मी पाहिला नाही. काही जण उलट पेडल टोन, म्हणजे नेहमीच्या पट्ट्याखालचे घोगरे सूर, करायला सांगतात. मला त्याने ओठ सैल झाल्यासारखे वाटले, उंची मिळाली नाही. ज्यांना मिळाली त्यांनी लिहावं.

नळी_आणि_लहर (रत्नागिरी)

मी वाजवत नाही, मुलगा वाजवतो. मी भौतिकी शिकवतो, म्हणून नाक खुपसतोय.

बी फ्लॅट ट्रम्पेटची नळी जवळपास दीड मीटर. बटणं न दाबता तिच्यातून निघणाऱ्या सुरांची एक शिडी असते, तिच्या पायऱ्या म्हणजे हार्मोनिक. खालचा सी हा दुसरा हार्मोनिक, मधला सी चौथा, स्टाफवरचा जी सहावा, वरचा सी आठवा. दुसरा आणि तिसरा यांत पाच सुरांचं अंतर, म्हणजे सा आणि प. आठवा आणि नववा यांत फक्त एका पूर्ण सुराचं. खाली नळी तुम्हाला हात धरून योग्य पायरीवर बसवते, वर पायऱ्या इतक्या जवळ की ओठ जरा सरकला की शेजारच्या घरात. पिस्टनचं 'फाटणं' यातून येतं. तुतारीवाल्याकडे तर बटणंच नाहीत, तो बिचारा अख्खा जन्म याच पायऱ्यांवर काढतो.

मास्तर, दाब वाढवून ही पायरी नेमकी सापडत नाही, म्हणून माझं मत सोल्फेजकडे. पण 'हवेचा वेग' हे कारण मलाही पटत नाही. सूर ओठांचा ताण आणि त्यामागचा तोंडातला हवेचा दाब मिळून ठरवतात. वेग हा परिणाम आहे.

शिमगा_मास्तर (कुडाळ)

सर, तुमचं गणित बरोबर असेल. पण परिणाम आणि कारण यांच्यात फरक करायला आम्हाला वरातीत वेळ मिळत नाही.

काळी_पाच (सावंतवाडी)

कुणी मूळ प्रश्न विचारत नाही: त्या पोराला वरचा सी वाजवायला लावतोय कोण?

मी बँडची गाणी बसवतो. आमचा कीबोर्डवाला गायकाच्या सोयीने गाणं पांढरी तीनमध्ये (पेटीवरची तिसरी पांढरी पट्टी, म्हणजे ई, 'सा' मानून) धरतो आणि ट्रम्पेटला सांगतो, "तू पण तेच वाजव." पण ट्रम्पेटचा सी म्हणजे काळी पाच, तोच बी फ्लॅट! पांढरी तीनचं गाणं ट्रम्पेटवाल्याला एफ शार्पमध्ये पडतं, सहा शार्प. तारसप्तकातला पंचम म्हणजे लिहिलेला वरचा सी शार्प, पिस्टनच्या फाटलेल्या सुरापेक्षाही अर्धा सूर वर. तेच गाणं पांढरी एकमध्ये घेतलं की तो पंचम ए होतो, आणि ए त्याला बहुतेक वेळा येतो असं तो स्वतः लिहितो. काळी पाचमध्ये घ्या, जी होईल. ओठांचा रियाज करायचा तर जरूर करा, पण निम्मे 'फाटलेले सूर' कीबोर्डवाल्याने फाडलेले असतात.

शिमगा_मास्तर (कुडाळ)

ह्यां मात्र खोटा नाय. पण गाणं खाली घेतलं की लोक म्हणतात बँड बसला. वराती मंडळी पैसे चमकण्याचे देतात.

काळी_पाच (सावंतवाडी)

फाटलेला सी चमकतो का काका?

खाडीकाठ (देवगड)

उथळ माउथपीसवर दोन शब्द. मी घेतलं, पैसे घालवले. ट्रम्पेटबरोबर जे सेव्हन-सी मिळतं त्यापेक्षा हे धारदार वाजतं, वरचे सूर थोडे कमी थकवतात. पण जो सूर आधी निघत नव्हता तो यानेही निघाला नाही. खालचा आवाज मात्र पत्र्यासारखा झाला. ढोलांच्या गर्दीत चालून जातो, देवळात आरतीला लाज वाटते.

दाबाचं म्हणाल तर लुई आर्मस्ट्राँगचे ओठ फाटले होते, त्याला मध्ये वाजवणं थांबवावं लागलं. ओठाभोवतीचा गोल स्नायू तुटण्याच्या दुखण्याला डॉक्टर 'सॅचमो सिंड्रोम' म्हणतात, ते त्याच्याच टोपणनावावरून. चाळीस वर्षं निभावलेले मास्तर दिसतात, ज्यांचा ओठ गेला ते धाग्यावर लिहायला येत नाहीत.

आणि पिस्टन, ट्रम्पेट शेवटचं कधी धुतलं? आपल्याकडे खारी हवा, त्यात वडापाव खाऊन फुंकायचं. माउथपीस बसतं त्या पहिल्या नळीत हिरवा गाळ साचला की वरचे सूर अडतात. कोमट पाणी, थोडा साबण, लवचिक ब्रश. बटणं आधी काढा, नाहीतर त्यांच्या फेल्टच्या चकत्या भिजतील.

पिस्टन_तिसरा (मालवण)

काल धुतलं. पाणी आधी हिरवं, मग काळं, आणि एक भाताचं शीत. कधीचं, देव जाणे.

करंगळी बाहेर काढून बघितलं. जी आला. ए आला, पण ट्रम्पेट हातात हललं. बी ला नुसती हवा. म्हणजे सहा वर्षं मी बी हातांनी वाजवत होतो. सोल्फेजताईंचा हळू रियाज सुरू केलाय, आई विचारते आजारी आहेस का.

आमच्या बँडच्या मास्तरांना अजून काही सांगितलेलं नाही. शनिवारी कणकवलीला साखरपुडा आहे. कीबोर्डवाल्याला म्हटलं, शेवटचं गाणं पांढरी एकमध्ये घे. तो म्हणाला, गायकाला विचार. गायक म्हणाला, मास्तरांना विचार.