'सुलभता' की 'सुगम्यता'?

टाकबोरू: एका विक्रेत्याच्या संकेतस्थळाचं मराठीकरण करतेय. पानाच्या तळाशी 'ॲक्सेसिबिलिटी'चा दुवा आहे. अपंग ग्राहकांसाठी काय सोयी केल्यात ते तिथे लिहिलंय. मी 'सुलभता' केलं. तपासणाऱ्याने खोडून 'सुगम्यता' केलं, कारण वरच 'सुलभ हप्ते' आहेत आणि लोक हप्त्यांसाठी तिथे टिचकी मारतील म्हणे! काय ठेवू? उद्या द्यायचंय.

रफार: त्याचं बरोबर आहे. सुलभ म्हणजे सहज लाभणारं, धातू लभ्. इथे पोचायचंय, म्हणजे गम्. पण 'सुगम' असताना 'सुगम्य' कशाला? दुर्गमच्या उलट सुगम, विषय संपला.

शेवटचा_बाक: सुगम म्हटलं की पुढे संगीतच येतं. (ह. घ्या.)

अनुस्वार: >>'सुगम्य' कशाला
'अगम्य' आठवा. अगम्य लिपीत कुठे जायचं नसतं, ती कळत नसते. 'गम्य'मध्ये पोचणं आणि कळणं दोन्ही आलं. संकेतस्थळं अपंगांनाही वापरता यावीत म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजी या जागतिक निकषांच्या चार तत्त्वांत 'समजेल असं' हे एक आहेच. 'सुलभ'मध्ये ते कुठे बसतं?

रफार: 'समजायला सुलभ' म्हणतोच की आपण!

काजवा: मला दिसत नाही, स्क्रीन रीडरवर ऐकतो. (पडदावाचक म्हणू नका, पडदानशीन वाटतं.) 'सुगम्यता' पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो शब्दच अगम्य वाटला होता. आमची खरी अडचण वेगळीच. 'खरेदी करा'च्या जागी नुसतं चित्र, त्याला नाव दिलेलं नाही. मला ऐकू येतं 'बटण, बटण, बटण'. यातलं पैसे कापणारं कुठलं? वर सूचना, 'लाल रकाने भरा'. त्या दुव्याला सरळ 'अपंगांसाठी सोयी' म्हणा.

अनुस्वार: मग हात प्लास्टरमध्ये असलेला किंवा चष्मा विसरलेला माणूस तिकडे फिरकणार नाही. फिकट राखाडी अक्षरं त्यालाही छळतात. निकषांची एए पातळी साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी उजळपणाची किमान ४.५:१ तफावत मागते, ती काही फक्त अपंगांच्या कामाची नाही.

शेवटचा_बाक: आता 'अपंग' की 'दिव्यांग' सुरू करू नका, पाया पडतो.

रफार: अवांतर: दुर्ग म्हणजे जिथे जाणं कठीण. काजवा सांगतात ते दुकान म्हणजे दुर्गच!

काजवा: किल्ल्याला निदान दरवाजा असतो हो.

टाकबोरू: दुव्यावर काय लिहू?

शेवटचा_बाक: 'दुर्गा'सुद्धा त्याच गम् वरून का?