मदत हवी आहे: गाडीचं कूलंट थंडीआधी बदलू की एप्रिलपर्यंत थांबू? (मिनियापोलिस)

नमस्कार मंडळी,

गाडीतलं मला स्टिअरिंग आणि पेट्रोलच्या काट्यापलीकडे फारसं कळत नाही, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

गाडी टोयोटा कोरोला, २०१४ची, ९६ हजार मैल झालेली. दोन वर्षांपूर्वी ह्यूस्टनला सेकंडहँड घेतली. या जूनमध्ये नोकरीनिमित्त मिनियापोलिसला आलो तेव्हा चालवतच आणली. आता अर्धा ऑक्टोबर सरला, सकाळी काचा खरवडाव्या लागतायत, आणि ऑफिसातली मंडळी जानेवारीचे किस्से सांगून घाबरवतायत. जानेवारी २०१९ च्या शेवटी इथे उणे २८ फॅरनहाइटपर्यंत गेलं होतं, म्हणजे उणे ३३ सेल्सिअस, आणि वारा धरला तर उणे ५५ फॅरनहाइट. आमची गाडी रात्रभर उघड्यावर असते.

गेल्या आठवड्यात ऑइल बदलायला गेले तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) फ्लश करून घ्या, म्हणजे आतून धुवून नवं भरा, १८० डॉलर. का, तर "थंडी येतेय ना". त्याने बॉनेटखाली डोकावून बघितलंही नव्हतं. उलट माझा एक सहकारी म्हणतो, टोयोटाचं गुलाबी कूलंट एक लाख मैल चालतं, तुझे अजून व्हायचेत, उगाच पैसे घालवू नकोस.

आता एक कबुली. ह्यूस्टनला मागच्या दोन्ही उन्हाळ्यांत रेडिएटरच्या बाजूच्या कूलंटच्या बाटलीतली पातळी खाली गेलेली दिसली, तेव्हा मी सरळ नळाचं पाणी ओतलं. दोन वेळा मिळून लिटरभर तरी असेल. बाबांच्या प्रीमियर पद्मिनीचं हेच बघत मोठी झालेय: खंबाटकी चढताना काटा वर गेला की गाडी कडेला, झाकणावर ओला फडका, आणि डिकीतला पाण्याचा कॅन. कूलंट हा शब्द आमच्या घरी नव्हताच.

पार्ट्सच्या दुकानातून एक स्वस्तातला हायड्रोमीटर आणला. पिचकारीसारखा असतो, रबरी फुगा दाबून द्रव ओढायचा, आतला काटा गोठणबिंदू दाखवतो. बाटलीतल्या कूलंटला काटा उणे ५ फॅरनहाइटवर थांबला. रंग गुलाबी, पण धुवून धुवून विटलेल्या ओढणीसारखा.

तर आत्ताच बदलू का? आणि बदलायचं तर नुसतं काढून भरायचं की तो १८० डॉलरचा फ्लश? आगाऊ धन्यवाद.

*

विनिपेगकर:

ताई, आधी ते वाऱ्याचं डोक्यातून काढा. विंडचिल माणसाच्या कातडीला लागतं, गाडीला नाही. वाऱ्याने इंजिन लवकर गार होईल, पण हवेच्या तापमानाच्या खाली जाणार नाही. म्हणजे तुम्हाला उणे ३३ सेल्सिअसची तयारी करायचीय, त्याहून भयंकर आकड्याची नाही.

दुसरं, मापाला बाटलीतलं घेऊ नका. पाणी तुम्ही बाटलीत ओतलंत, तिथलं जास्तच पातळ असणार. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना (गरम असताना झाकणाला हातही लावायचा नाही, वाफेने भाजतं) रेडिएटरचं झाकण काढून तिथलं ओढा.

आणि तुमच्या सहकाऱ्याने अर्धंच वाक्य वाचलंय. टोयोटाचं गुलाबी पहिल्या खेपेला एक लाख मैल किंवा १० वर्षं, जे आधी येईल ते. त्यानंतर दर ५० हजार मैल किंवा ५ वर्षं. गाडी २०१४ची. आधीच्या मालकाने बदललं नसेल तर वर्षांच्या हिशेबाने मुदत उलटून गेलीय.

*

स्पॅनर:

चिंचवडला गॅरेज आहे, बर्फातली गाडी कधी हातात घेतली नाही. पण इथे सगळे गोठण्याचं बोलतायत आणि माझा प्रश्न वेगळाच आहे. लिटरभर पाणी घालावं का लागलं? कूलंट काही पेट्रोलसारखं जळत नाही. पातळी खाली गेली म्हणजे कुठूनतरी बाहेर गेलं. खाली डाग पडलेच पाहिजेत असं नाही, गरम इंजिनवर थेंब पडला की पाणी उडून जातं आणि मागे रंगाची खरड राहते. टॉर्च घ्या, बेल्टच्या बाजूला वॉटर पंपाभोवती बघा. गुलाबी-पांढरी, वाळलेल्या मिठासारखी खरड दिसली तर पंपाचं सील गेलंय. मग होसच्या (रबरी नळ्यांच्या) जोडांवर आणि रेडिएटरच्या प्लास्टिकच्या कडांवर बघा.

*

नाशिकची द्राक्षं:

आमच्याकडे दादा अजूनही नळाचंच घालतात आणि गाडी पंधरा वर्षं चालतेय :)

*

स्पॅनर:

द्राक्षं, त्या गाडीचा रेडिएटर एकदा उघडून बघा, आत काय पिकलंय ते. कूलंटचं काम नुसतं न गोठण्याचं नसतं. त्यातली गंजरोधक द्रव्यं संपली की अॅल्युमिनियम आतून खात जातं, आणि नळाच्या पाण्यातला क्षार हीटरच्या बारीक नळ्यांत बसतो. हायड्रोमीटर फक्त ग्लायकॉल (कूलंटमधला गोठण्यापासून वाचवणारा घटक) किती ते सांगतो, ही द्रव्यं शिल्लक आहेत का ते त्याला कळत नाही. त्यामुळे काटा छान दिसला तरी जुनं कूलंट जुनंच.

*

(धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. आज सकाळी चहाच्या आधी हे उद्योग केले. रेडिएटरमधलं उणे १५ फॅरनहाइट आलं, म्हणजे साधारण उणे २६ सेल्सिअस. बाटलीपेक्षा बरं, पण इथल्या जानेवारीला पुरणारं नाही.

आणि स्पॅनरदादा, तुमच्या तोंडात साखर पडो की मीठ ते कळेना. पंपाच्या खालच्या बाजूला नखाएवढी गुलाबी खपली आहे! बोटाने खरवडली तर भुकटी झाली. आता पंपासकट काम आत्ता करू, की उणे २६ पर्यंत चालतंय तोवर चालवू?

*

विनिपेगकर:

आत्ता. उणे २६ ला कूलंट एकदम दगड होत नाही, आधी बर्फाच्या गोळ्याच्या रसासारखा चिखल होतो. इंजिनचा ब्लॉक लगेच फुटेल असं नाही, पण तो चिखल रेडिएटरमधून फिरत नाही, आणि मग बाहेर हाडं गोठवणारी थंडी असताना इंजिन तापतं. शिवाय गळका पंप. हीटर याच गरम कूलंटवर चालतो, त्यामुळे पातळी खाली गेली की आधी तो गार हवा फेकायला लागतो. तिथे उणे २० ला हायवेवर हीटर बंद म्हणजे गंमत नाही.

पंप बदलायला कूलंट काढावंच लागतं, म्हणजे दोन कामं एका मजुरीत. पण फ्लशबद्दल नीट वाचा, इथेच लोक फसतात. तुमच्या गाडीत साधारण सहा लिटर बसतं (नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा). खालचा नळ उघडला की निम्मंच बाहेर येतं, बाकीचं ब्लॉक आणि हीटरमध्ये राहतं. कोणी आधी साध्या पाण्याने धुतलं, तर आत तीन लिटर निव्वळ पाणी राहणार. त्यावर तयार ५०-५० मिश्रण (निम्मं ग्लायकॉल, निम्मं पाणी) तीन लिटर ओतलं की ग्लायकॉल उरलं फक्त २५ टक्के. ते उणे १२ सेल्सिअसलाच गोठायला लागतं. म्हणजे १८० डॉलर देऊन आत्तापेक्षा वाईट अवस्था!

त्यापेक्षा पाणी आत जाऊच देऊ नका. पंप बदलताना एकदा काढून गुलाबी ५०-५० भरायचं, चार दिवस गाडी चालवायची, मग पुन्हा काढून भरायचं. तुमचं आत्ता ४२ टक्क्यांच्या आसपास असेल. पहिल्या खेपेला ४६, दुसऱ्या खेपेला ४८. सुमारे उणे ३४ पर्यंत निभावेल. अजून गादी हवी तर दुसऱ्या खेपेला अर्धा लिटर त्याच जातीचं कॉन्संट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) मिसळायला सांगा. मात्र सगळंच कॉन्संट्रेट भरू नका. ग्लायकॉल ६० टक्क्यांपर्यंत ठीक, ७० च्या पुढे उलटं होतं. निव्वळ ग्लायकॉल उणे १३ लाच गोठतं, ऐकून खोटं वाटेल.

*

स्पॅनर:

+१. आणि डब्याचा रंग बघून घेऊ नका, रंगाला काही एक नियम नाही. डब्यावर टोयोटाच्या स्पेसिफिकेशनचा उल्लेख हवा. भरल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा काढून घ्यायला सांगा, नाहीतर दोन दिवसांनी इथेच "हीटर गार हवा देतोय" म्हणून नवा धागा काढाल.

*

(धागाकर्ती)

दुसऱ्या एका छोट्या गॅरेजमध्ये बोलले. त्याने फोनवरच विचारलं, खपली ओली आहे का कोरडी. तेवढ्यावरच भरवसा बसला. शुक्रवारी गाडी देतेय. पाण्याचा फ्लश नको आणि दोनदा काढून भरायचंय म्हटल्यावर दोन सेकंद गप्प झाला आणि म्हणाला, "तुम्ही मेकॅनिक आहात का?" बाबांना हे सांगितलं तर ते दिवसभर हसत होते.

हायड्रोमीटरमधलं आणि सांडलेलं मिळून वाटीभर जुनं कूलंट निघालंय, ते मोरीत ओतू का?

*

विनिपेगकर:

अजिबात नको, बाहेर गटारातही नको. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मूत्रपिंडं जातात. झाकणाच्या बरणीत भरून चिठ्ठी चिकटवा आणि शुक्रवारी गॅरेजवाल्यालाच द्या. नाही घेतलं तर तुमच्या हेनेपिन काउंटीची घातक कचऱ्याची केंद्रं आहेत, ब्लूमिंग्टनला आणि ब्रुकलिन पार्कला.

*

(धागाकर्ती)

बरणी लोणच्याची होती, चिठ्ठी दोन्ही बाजूंनी लावली आहे. नोव्हेंबरात पुन्हा काटा मोजून इथेच आकडा टाकते.