मुलाचे पाय आपण हलवायचे, की त्याने?

चिमणीची_आई:

लेक सात वर्षांची. सेरेब्रल पाल्सी (सीपी), म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालीला येणारा अडथळा. त्यातला स्पॅस्टिक डायप्लेजिया हा प्रकार, म्हणजे दोन्ही पाय ताठर, हात बरेच बरे. मूल कितपत हालचाल करू शकतं ते सांगणाऱ्या जीएमएफसीएस वर्गवारीच्या पाच पातळ्यांपैकी (पहिली सगळ्यात सौम्य) तिसरी: घरात वॉकर, लांब जायचं तर व्हीलचेअर. दीड वर्षाची असल्यापासून आठवड्यातून चार दिवस थेरपी. त्यातला निम्म्याहून जास्त वेळ ती गादीवर आडवी असते आणि दुसरंच कुणीतरी तिचे पाय हलवत असतं. ती छताकडे बघून गाणी म्हणते. गेल्या महिन्यात मी हे बंद केलं. घरात महाभारत झालं, म्हणून इथे मांडते आहे.

थेरपिस्टच्या हातांनी ताठरपणा दाबायचा, योग्य हालचाल अंगात 'भरायची', मग ती मुलाला आपोआप येईल, ही कल्पना 1940च्या दशकातली. लंडनमध्ये बर्टा आणि कारेल बोबाथ या दांपत्याने ती रुजवली. त्या काळी या मुलांसाठी कुणी फारसं काही करतच नव्हतं, त्यामुळे त्यांचं श्रेय काढून घ्यायचं नाही. पण पुढे तपासणी झालीच. 1988मध्ये डायप्लेजिया असलेल्या 48 बाळांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एकाला वर्षभर याच धाटणीची फिजिओथेरपी. दुसऱ्याला पहिले सहा महिने नुसते खेळ (बघणं, पकडणं, बोलणं, हलणं असं सगळं मिळून) आणि नंतर थेरपी. वर्षाअखेर खेळवाल्या गटातली 73 टक्के बाळं चालत होती, थेरपीवाल्या गटातली 35 टक्के. हे मी तीनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं आकडे उलटे छापलेत.

2013मध्ये आयोना नोवाक यांच्या गटाने 64 उपचारांना सिग्नलचे रंग दिले, त्यात बोबाथ पद्धत लाल, म्हणजे करू नका. 2022ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं तर साध्या भाषेत आहेत: ध्येय मुलाने निवडावं, सराव अख्ख्या कामाचा करावा, जिथे ते काम करायचंय तिथेच करावा आणि पुरेसे तास करावा.

म्हणून आम्ही एकच काम घेतलं. चड्डी स्वतः वर ओढणं. बाथरूममध्येच, दांडीला धरून, रोज. अठराव्या दिवशी जमलं. साडेपाच वर्षं गादीवर झोपवून जे आलं नव्हतं ते.

टाचणी:

फिजिओ आहे, बावीस वर्षं हेच काम. त्यामुळे पूर्वग्रहदूषित समजून वाचा.

मूल अर्धा तास छताकडे बघत असेल तर ती वाईट थेरपी आहे, आणि ती कुठल्याही पद्धतीच्या नावाखाली करता येते. हाताने पोटऱ्या ताणल्याचा परिणाम टिकत नाही, हेही मान्य. पण तुमच्या लेखात स्प्लिंटचा, म्हणजे पाय योग्य स्थितीत धरून ठेवणाऱ्या आधाराचा, उल्लेख कुठेच नाही. ती पण काढून ठेवलीत का? हाड वाढतं, ताठर स्नायू त्या वेगाने वाढत नाही, हे गणित तुम्ही संप केलात म्हणून थांबत नाही.

दुसरं. संशोधनातले ते हिरवे सिग्नल कोणाचे आहेत ते बघा. सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो एकाच बाजूला त्रास असलेल्या मुलांच्या हातावर. चांगला हात मोज्यात बंद करायचा आणि कमजोर हाताला कामाला लावायचं. एडवर्ड टाउब यांनी माकडांवरच्या प्रयोगातून आणलेली पद्धत. उत्तम आहे, मीही वापरतो. पण पाचव्या पातळीचं मूल, ज्याची मानही ठरत नाही, त्याला 'तू स्वतः कर' कसं सांगू? त्याला हात लावल्याशिवाय साधं बसवताही येत नाही.

त्याच्या बाबतीत मला खुब्याची काळजी असते. दक्षिण स्वीडनमध्ये 1994पासून प्रत्येक सीपी मुलाच्या खुब्याचे ठरावीक काळाने एक्स-रे काढून वेळेत उपचार सुरू केले. खुबा निखळण्याचं प्रमाण सुमारे 9 टक्क्यांवरून एका टक्क्याच्याही खाली आलं. या क्षेत्रातलं इतकं देखणं यश मला दुसरं माहीत नाही, आणि त्यात मुलाने स्वतः एकही नवीन हालचाल शिकलेली नाही.

वाटसरू_7:

वाचनखूण साठवली आहे. चालू द्या.

आकडेमोड:

दोघांनाही थोडं टोचतो.

चिमणीची आई, अठरा दिवसांचं कौतुक आहेच, पण ते एक मूल आहे. कॅनडातल्या ऑन्टारियोत 657 सीपी मुलांची हालचाल वर्षानुवर्षं मोजून 2002मध्ये प्रत्येक पातळीचे वाढीचे आलेख काढले. पहिल्या पातळीचं मूल आपल्या क्षमतेच्या 90 टक्क्यांपर्यंत पावणेपाच वर्षांच्या आसपास पोचतं, पाचव्या पातळीचं तर तिसऱ्या वाढदिवसाआधीच. म्हणजे लहान वयात जी काही थेरपी चालू असेल, श्रेय तिलाच जातं. तुलनेचा गट नसेल तर कोंबडा आरवला म्हणून उजाडलं असंच वाटणार.

टाचणी, 2001मध्ये 56 मुलांवर झालेला प्रयोग तुम्हाला माहीत असेल. सहा महिने आठवड्यातून पाच दिवस रोज तासभर फिजिओ विरुद्ध नेहमीइतकी. फरक लक्षणीय नाही. मुलं आणि पालक दमले मात्र. दुसरीकडे अँड्र्यू गॉर्डन यांच्या 2011च्या अभ्यासात चांगला हात मोज्यात बंद करून सराव आणि दोन्ही हातांनी सराव, दोन्ही गटांना 90 तास. सुधारणा सारखीच. माझ्या मते पद्धतीच्या नावावर भांडणं व्यर्थ आहे. सराव कशाचा आणि मूल त्यात किती गुंतलंय, एवढंच बघावं.

एक_बाप:

आकडे ठेवा बाजूला. आमच्या मुलाला ऑक्सिजनच्या चेंबरमध्ये चाळीस सेशन दिली. आधी आधाराशिवाय बसत नव्हता, आता बसतो. डोळ्यांनी बघितलंय. तुमच्या आलेखात बसो न बसो.

आकडेमोड:

मुलगा बसतोय याचा खरंच आनंद आहे. पण नेमका हाच प्रयोग झालेला आहे. क्युबेकमध्ये 111 मुलं, तीही चाळीसच सेशन. अर्ध्यांना हवेच्या नेहमीच्या दाबाच्या 1.75 पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन, अर्ध्यांना 1.3 पट दाबाखाली साधी हवा. 2001मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. दोन्ही गट सुधारले, आणि सारखेच सुधारले.

एक_बाप:

म्हणजे सुधारले ना? मग झालं तर!

आकडेमोड:

हाच युक्तिवाद तेव्हाही झाला होता, की थोडा दाबही उपयोगी पडत असेल. पण दोन महिने रोज मुलाकडे एवढं लक्ष, इतर मुलांची सोबत, आईबापांची आशा, हे सगळं दोन्ही गटांना मिळालं होतं. तेवढाच वेळ जमिनीवर बसून खेळलात तर निदान दाबाने कान तरी दुखणार नाहीत.

तिरकी_चाल:

वय 34. डायप्लेजिया. इतका वेळ तुम्ही सगळे माझ्या पायांवरून भांडताय असं वाटत होतं, म्हणून लॉगिन केलं.

मला चालवायचंच असं घरी ठरलं होतं. चाललोही. सोळाव्या वर्षी उंची वाढली, वजन वाढलं, गुडघे वाकायला लागले, आणि वर्गापासून गेटपर्यंत जाण्यातच दिवसाची सगळी ताकद संपायला लागली. मी व्हीलचेअर मागितली तेव्हा आई रडली. तिला वाटलं पंधरा वर्षं पाण्यात गेली. मला त्या वर्षी पहिल्यांदा मित्र मिळाले, कारण आता मी त्यांच्या वेगाने जाऊ शकत होतो. तिसऱ्या पातळीपासून पुढच्या मुलांची हालचाल किशोरवयात घसरते, असं 2009मध्ये त्याच ऑन्टारियोच्या गटाने दाखवलं. तेव्हा मी घसरून मोकळा झालो होतो.

टाचणी, तुमच्या पिढीबद्दल एक राग आहे. मला लहानपणी वजन उचलू दिलं नाही, का तर ताकद लावली की ताठरपणा वाढतो. 1990च्या दशकात डायान डॅमियानो यांनी मुलांचे पाय व्यायामाने मजबूत करून दाखवले, ताठरपणा वाढला नाही. तरी माझ्यापर्यंत ती बातमी यायला मी सत्तावीस वर्षांचा झालो. जिमच्या ट्रेनरकडून कळलं!

आणि चिमणीची आई, एक विचारतो, रागावू नका. चड्डी वर ओढायला शिकायचंय असं चिमणी म्हणाली होती, की तुम्ही?

टाचणी:

तिरकी_चाल, राग योग्य आहे. मीही पहिली काही वर्षं तेच सांगायचो. शिकवलंच तसं होतं.

चिमणीची_आई:

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण ते मीच ठरवलं होतं. माझी पाठ दुखते म्हणून.

स्प्लिंट काढलेली नाही, टाचणी. रात्रीची आणि दिवसाची, दोन्ही चालू आहेत.

काल तिला विचारलं, तुला काय यायला हवंय. मला वाटलं चालणं म्हणेल. ती म्हणाली, लपाछपीत नीट लपता आलं पाहिजे. वॉकरचा खडखडाट ऐकून सगळे तिला पहिलीच शोधून काढतात. आणि शोधणाऱ्याला वाईट वाटतं म्हणून मग तिला सोडून देतात, ते तिला अजिबात आवडत नाही. मार्गदर्शक तत्त्वांत म्हटलंय ना, ध्येय मुलाने निवडावं. आता याचं काय करू?

तिरकी_चाल:

हाहा. हे संशोधनाला जमणार नाही, पण भाऊबहिणींना जमेल. त्यांना आधी सांगा की सापडली तर सोडायचं नाही.

टाचणी:

खडखडाट बहुतेक चाकांचा असेल. घट्ट करून, मऊ रबराची बसवून बघा. खरं काम पुढे आहे. वॉकर दाराशी सोडून गुडघ्यांवर उतरायचं, रांगत पलंगाखाली जायचं, आणि राज्य घेणारा पोचायच्या आत वॉकर धरून पुन्हा उभं राहायचं. तिसऱ्या पातळीच्या मुलीला हे अवघड आहे, अशक्य नाही. उठताना टाच टेकत नसेल तर तिथेच अडेल, ते मला बघावं लागेल. तुमच्या घरी, पलंगापाशीच करू.

पण सुरुवातीला कमरेला हात लावावा लागेल. आधीच सांगून ठेवतो.