मदत हवी आहे: 'दऱ्या'चा 'दर्या' होतोय (.भारत डोमेन, पायथन)

मराठी डोमेन नावांचं प्युनीकोड (साध्या इंग्रजी अक्षर-अंकांतलं रूप) करणारी स्क्रिप्ट आहे. 'दऱ्या' लोक दोन तऱ्हांनी टाइप करतात: 'ऱ' वापरून, किंवा र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) देऊन. पायथनचा अंगभूत कोडेक (हे रूपांतर करणारा भाग) आयडीएनए २००३, म्हणजे इंग्रजीबाहेरच्या लिप्यांतल्या डोमेन नावांचे जुने नियम, पाळतो, जॉइनर गाळतो आणि चक्क 'दर्या' उरतो. म्हणजे माणूस भलत्याच साइटवर. आयडीएनए २००८ चं वेगळं पॅकेज लावलं. हलन्तानंतरचा जॉइनर टिकला, पण एका शब्दाचे दोन पत्ते झाले. एनएफसी (युनिकोडची समतुल्य रूपं एकसारखी करणं) केल्यावरही ते जुळत नाहीत. पाथचा (डोमेन नावानंतरचा) भाग यूटीएफ-८ मध्ये नीट जातो, अडचण फक्त होस्टनेमची, म्हणजे डोमेन नावाची. टायपिंगची सवय बदला असं वापरणाऱ्यांना सांगता येणार नाही.

एन्कोडिंगआधी जॉइनरचं रूप 'ऱ' मध्ये बदलणं सुरक्षित आहे का, की .भारत मध्ये जॉइनर असलेलं नाव स्वतंत्रपणे नोंदवता येतं?