४के टीव्हीवर जुने गेम: चित्र ताणलेलं आणि पुसट, काय करावं?

जॉयस्टिक_वेडा
४३ इंची ४के टीव्हीला रास्पबेरी पाय ४ (छोटा संगणक, त्यावर जुने गेम चालवणारं रेट्रोआर्च) जोडलाय आणि पिवळ्या-पांढऱ्या-लाल केबलने मूळ प्लेस्टेशन १. दोन्हीकडे पात्रं जाडी दिसतात. पायवर सुपर निंटेंडोचे गेम आडवे सरकले की चित्र थरथरतं. प्लेस्टेशनचं चित्र पुसट आहे आणि बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते. स्केलर (जुनं चित्र नव्या टीव्हीसाठी मोठं करणारी डबी) घ्यावाच लागेल, की सेटिंगमध्ये भागेल?

चारास_तीन
पायचं काम सेटिंगमध्ये भागेल. टीव्हीवर गेम मोड चालू करा, मोशन स्मूदिंग (मधल्या फ्रेम भरणं) आणि नॉइज रिडक्शन (चित्रातले ठिपके पुसणं) बंद. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर सॅमसंगवर ‘फिट टू स्क्रीन’, एलजीवर ‘जस्ट स्कॅन’, सोनीवर ‘फुल पिक्सेल’ शोधा.

रेट्रोआर्चमध्ये अ‍ॅस्पेक्ट रेशो (रुंदी-उंचीचं प्रमाण) ‘कोअर प्रोव्हायडेड’ ठेवा, म्हणजे एम्युलेटर सांगेल ते. सुपर निंटेंडो २५६×२२४ चित्र काढतो, पण ते ४:३ पडद्यासाठी असतं, म्हणजे त्याचा पिक्सेल चौरस नसून जरा रुंद असतो. त्यामुळे चौरस पिक्सेलचा पर्याय निवडला तर पात्रं उलट बारीक दिसतील.

आता थरथर. पायच्या १०८०पी चित्राच्या १०८० ओळी भागिले गेमच्या २२४ म्हणजे ४.८२. काही ओळी ४ पिक्सेल जाड होतात, काही ५, आणि चित्र सरकलं की ही जाडी बदलत राहते. ‘इंटिजर स्केल’ (फक्त पूर्ण पटीत मोठं करणं) चालू केलंत की बरोबर ४ पट, ८९६ ओळी मिळतात. वर-खाली काळी पट्टी राहते, ती राहू द्या. पण हे फक्त उंचीपुरतं. ४:३ साठी रुंदी सुमारे ११९५ होते, म्हणजे २५६ स्तंभांना प्रत्येकी ४.६७. तुमची आडवी थरथर इथून येते. त्यावर शार्प-बायलिनिअर शेडर (चित्रावर चालणारा फिल्टर) लावा: तो आधी पूर्ण पटीत मोठं करतो आणि मग फक्त कडा मिसळतो.

पायचं आउटपुट १०८०पी ठेवा. ४केवर शेडर त्याला झेपत नाहीत. पुढे ताकदवान पीसी जोडलात तर ४केचा खरा फायदा दिसेल: २४० × ९ = २१६० आणि ३२० × ९ = २८८०. प्लेस्टेशनचं ३२०×२४० चित्र एकही पिक्सेल वाकडा न करता पूर्ण उंची भरतं. फार सुंदर दिसतं ते!

आरजीबी_पंथी
मूळ प्लेस्टेशनला मात्र स्केलर हवाच. तो २४०पी (दर फ्रेमला २४० ओळींचं पूर्ण चित्र) सिग्नल देतो, पण बरेच नवे टीव्ही त्याला ४८०आय (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं) समजून डीइंटरलेस करतात, म्हणजे दोन अर्धी चित्रं जोडू पाहतात. म्हणून उशीर होतो, आणि एकाआड एक फ्रेमला लुकलुकणाऱ्या सावल्या गायब होतात किंवा त्यांना दातेरी कडा येतात. स्वस्त एव्ही-टू-एचडीएमआय डबी बहुतेक वेळा हीच चूक करते, वर चित्र १६:९ ताणते. ती घेऊ नका. तोवर टीव्हीचा पिक्चर साइझ ४:३ करा, जाडी तरी जाईल.

कम्पोनंट (लाल-हिरवी-निळी व्हिडिओ) केबलही नको, प्लेस्टेशन १ तो सिग्नल देतच नाही. आरजीबी स्कार्ट केबल (लाल, हिरवा, निळा रंग वेगळे नेणारी) आणि तिच्यासाठी स्केलर घ्या. ओएसएससी या स्केलरमध्ये उशीर जवळजवळ शून्य, पण क्रोनो क्रॉससारखा गेम मेनूत ४८०आयवर गेला की टीव्ही क्षणभर चित्र सोडतो. असे गेम जास्त खेळत असाल तर रेट्रोटिंक ५एक्स हा स्केलर. तो कम्पोझिटही (तुमच्या पिवळ्या केबलचा सिग्नल) घेतो, म्हणजे केबल येईपर्यंत अडणार नाही.

आणखी एक: गेमच्या पॅल (युरोपीय टीव्ही पद्धतीच्या) आवृत्त्या ५० हर्ट्झवर चालतात, त्यातले कित्येक गेम सुमारे १७ टक्के मंद. पायवर एनटीएससी (६० हर्ट्झची अमेरिकी-जपानी) आवृत्ती वापरा.

जॉयस्टिक_वेडा
मनापासून आभार. एम्युलेटरमधला वाइडस्क्रीन पर्याय चालेल का?

चारास_तीन
पीसीवर डकस्टेशन या प्लेस्टेशन एम्युलेटरमध्ये ३डी गेमला चालेल. २डी पार्श्वभूमी आणि स्कोअरची पट्टी ताणली जाते. शिवाय खेळ ४:३ च्या बाहेरचं काढतच नसेल तर कडेला झाडं, भिंती अचानक उगवतात. २डी गेमला लावूच नका.

आरजीबी_पंथी
चित्र स्वच्छ झालं की मेगा ड्राइव्हच्या सॉनिकमधला धबधबा उभ्या पट्ट्यांचा दिसेल. तो बिघाड नाही. कम्पोझिटमध्ये त्या पट्ट्या एकमेकींत मिसळून पाणी पारदर्शक दिसायचं. पायवर झेडफास्ट-सीआरटी किंवा सीआरटी-पाय शेडरने जुन्या काचेच्या पडद्याचा (सीआरटी) मऊपणा थोडा परत येतो. सीआरटी-रॉयल त्याला जड जाईल. स्कॅनलाइन (जुन्या पडद्यासारख्या काळ्या आडव्या रेषा) लावल्यावर इंटिजर स्केल बंद करू नका, नाहीतर पडद्यावर जाड-बारीक आडवे पट्टे उठतात.